ऐरोलीचा लॅपटॉप, भाग दुसरा: सीडी नाही, की आहे

मागच्या नोंदीपर्यंत काकूंच्या जुन्या हार्डडिस्कमधले फोटो आणि सोसायटीचे हिशेब बाहेर निघाले होते. आता त्या जागी एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) बसलाय, म्हणजे मशीन कोरं आणि विंडोज नव्याने टाकायचं. विंडोज परत बसवण्यासाठी कंपनीने दिलेलं रिकव्हरी पार्टिशन (डिस्कचा राखीव भाग) जुन्या डिस्कसोबतच गेलं. स्टेशनजवळच्या एका दुकानात काकूंना सांगितलं होतं, "सीडी आणा, नाहीतर क्रॅक मारून देतो," म्हणजे बिनपरवाना विंडोज. काकू म्हणाल्या, "अरे, सीडी मुळात दिलीच नव्हती, मग आणू कुठून?"

आणायची गरजही नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपची की (विंडोजच्या परवान्याचा कोड) तळाच्या स्टिकरवर छापत नाहीत, मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) भरतात. फर्मवेअर सिस्टिमला जी माहितीची टेबलं देतं (एसीपीआय), त्यांतलं 'एमएसडीएम' म्हणजे तेच. पेनड्राइव्हवरून लिनक्स बूट केलं, रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन ते टेबल वाचलं, शेवटी २५ अक्षरं हजर! वहीत उतरवून ठेवली. (स्क्रीनशॉट कुठेही टाकू नका, की उघडी पडते.)

की ८.१ ची आहे. मायक्रोसॉफ्टने ७ आणि ८ च्या की वर १० घेण्याची वाट २०२३ मध्ये बंद केली, पण या मशीनवर १० आधीपासून चालत होतं. तो डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी तो जात नाही. फक्त आवृत्ती (होम, प्रो वगैरे) तीच हवी. इथे ती होम सिंगल लँग्वेज, आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपवर हमखास सापडणारी.

वेळ खाल्ला इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवण्याने. माझ्या डेस्कटॉपवर लिनक्स, त्यामुळे असा पेनड्राइव्ह बनवणारी मायक्रोसॉफ्टची मीडिया क्रिएशन टूल चालणार नाही. साइटवरून आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची अख्खी प्रत एका फाइलमध्ये) थेट उतरवली. तिच्यातली 'इन्स्टॉल डॉट विम' (विंडोजच्या सगळ्या फाइल्सचा गठ्ठा) ४ जीबीच्या वर, आणि पेनड्राइव्हच्या फॅट३२ फॉरमॅटवर त्याहून मोठी फाइल मावत नाही. विमलिब नावाच्या टूलने तिचे ३८०० एमबीचे 'एसडब्ल्यूएम' तुकडे केले, मूळ फाइल काढली. सेटअप ते तुकडे मुकाट्याने ओळखतो. पेनड्राइव्हला एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट देण्याचे जुगाड करण्यापेक्षा मला हेच आवडतं.

सेटअपने आवृत्ती विचारलीच नाही, फर्मवेअरमधली की वाचून स्वतःच ठरवली. ज्यांनी नंतर प्रो विकत घेतलंय त्यांना हे आडवं येतं. त्यांनी 'सोर्सेस' फोल्डरमध्ये 'ईआय डॉट सीएफजी' ही आवृत्ती ठरवणारी छोटी फाइल ठेवावी. 'डिस्क एमबीआर आहे' (पार्टिशनची जुनी पद्धत) म्हणून सेटअप अडला तर शिफ्ट-एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडा, मग डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून 'क्लीन'; त्याने ती डिस्क पुसली जाते. पण आधी बाकीच्या डिस्क काढून ठेवा, 'क्लीन' विचारत बसत नाही.

वाय-फायचा ड्रायव्हर आला नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं, बाकी अपडेटने आणलं. सेटिंग्जमध्ये परवाना डिजिटल, ॲक्टिव्हेटेड.

आता खरा प्रश्न. १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि या लॅपटॉपचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरते, ती करून ठेवतोय. दरम्यान दुसऱ्या पार्टिशनवर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून काकूंची हिशेबाची एक्सेल फाइल लिबरऑफिस या मोफत ऑफिसमध्ये नीट उघडते का ते बघायचंय. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञा) आहेत तिच्यात, म्हणून शंका आहे.