वेलांटी उजवीकडे

लग्नपत्रिकांचा सीझन होता. दोन पत्रिकांच्या मधे मिळेल त्या वेळात मी आमच्या गटाचं नवं बोधचिन्ह करून दिलं होतं. आम्ही स्वामित्वहक्क संपलेली मराठी पुस्तकं टंकून नेटवर ठेवतो. काम बिनपगारी, माणसं पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पांगलेली. मी डीटीपीवाला, म्हणून ते माझ्याच गळ्यात पडलं.

तीन आठवडे काथ्याकूट. निळा की गेरू, पुस्तक उघडं की मिटलेलं. सतरा कौल पडले, चौदा पाठिंब्याचे. मुदत संपायला तीन तास उरले असताना एका निवृत्त कंपोझिटर काकांचा विरोध आला, एका ओळीचा: चिन्हातल्या ‘लि’ची ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे कशी?

मी झूम केलं आणि पोटात गोळाच आला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या पद्धतीत, आधी ‘ल’ साठवला जातो, मग वेलांटी. दाखवताना तिला उचलून डावीकडे न्यायचं ते सॉफ्टवेअरने. माझ्या जुन्या प्रोग्रॅमने नेलीच नव्हती, आणि मी तसंच ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षराचं चित्र बनवून, पाठवलं होतं. बावीस वर्षं हाच धंदा करतोय! बाकीच्यांनी रंग बघितला, अक्षर कुणी वाचलंच नाही.

विकिपीडियाचं बोधचिन्ह आठवलं, जिगसॉच्या तुकड्यांचा तो गोल. 2003 साली स्पर्धा आणि मतदानातून तो ठरला: मूळ रंगीत कल्पना पॉल स्टॅन्सिफरची, तिला राखाडी रूप दिलं ‘नोहॅट’ टोपणनावाच्या स्वयंसेवकाने. त्यातल्या एका तुकड्यावर आपला ‘वि’ होता, तोही मोडका. जपानी अक्षरही चुकलेलं. 2007 मध्ये न्यू यॉर्क टाइम्समध्ये त्यावर बातमी आली, तरी दुरुस्तीला 2010 उजाडलं. तेव्हा अख्खा गोलच नव्याने घडवला. क्लिंगॉन या काल्पनिक भाषेचं अक्षरही होतं त्यात. ते काढून इथिओपियातल्या गीझ लिपीचं बसवलं.

आमच्याकडे खरं भांडण काकांच्या विरोधानंतर पेटलं. न्यू जर्सीकर म्हणाले, किरकोळ दुरुस्ती आहे, फाइल बदला आणि मोकळे व्हा. दुसरी बाजू म्हणे, लोकांनी कौल दिला तो त्या फाइलला, हिला नाही. मी दुसऱ्या बाजूला गेलो. चिन्हात अक्षर एकच, आणि तेच चुकलेलं असेल तर किरकोळ काय राहिलं? शेवटी आठ दिवसांची मुदत वाढवून सगळ्यांना नव्या फाइलखाली पुन्हा सही करायला सांगितलं.

चौदातले अकरा परत आले. तिघे फिरकलेच नाहीत. काकांनी खाली लिहिलं, ‘आता वाचता येतंय. पाठिंबा.’