मोटरी बाहेर काढल्या तो दिवस

५ ऑगस्ट २०१९, सोमवार. नागपंचमी होती. टीव्हीवर दुपारपासून काश्मीरच्या ३७० कलमाशिवाय दुसरी बातमी नव्हती आणि आमच्याकडं कृष्णा तासातासाला चढत होती. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. जो तो फोनवर तिथलाच आकडा विचारत होता.

मी तेव्हा थेट जनतेतून निवडून आलेला नगराध्यक्ष. त्याआधी विधानसभेत एक टर्म आमदार आणि त्याच्याही आधी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलात. निवृत्त सुभेदार म्हणून झालो, पण आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येकजण ‘मेजर’. पूल टाकणं, सुरुंग पेरणं, काढणं ही आमची कामं. नदीकाठी तळ असला आणि पाणी वाढायला लागलं, की आधी मशीन वर चढवायची, तंबू नंतर. ही सवय अंगात मुरलेली.

सकाळीच जॅकवेलवर गेलो, म्हणजे नदीकाठच्या त्या विहिरीवर, जिथून मोटरी गावाचं पाणी उचलतात. आमचा जुना पंपचालक भिंतीपाशी घेऊन गेला. २००५ च्या पुराची ऑइलपेंटची रेघ तिथं अजून आहे. म्हणाला, “मेजर, पाणी या रेघेला लागायच्या आत मोटरी निघाल्या तर निघाल्या. एक मोटर सोडवून वर घ्यायला दोन-तीन तास जात्यात. रात्री न्हाई जमायचं.”

२००५ मला चांगलं आठवत होतं. तेव्हा मी आमदार होतो. मोटरी बुडाल्या, मोटरी चालू-बंद करायच्या पॅनेल बोर्डात गाळ भरला, जळालेल्या मोटरींची तार नव्यानं गुंडाळायला, रिवाइंडिंगला, सगळीकडून रांग. पूर ओसरला तरी बायका टँकरमागं धावत होत्या. नागपूर अधिवेशनात मी प्रश्न लावला. छापील उत्तर आलं, “हे अंशतः खरे आहे.” निधीही मिळाला. पण पाणी यायच्या आधी कुणी काय करायचं, ते त्या उत्तरात नव्हतं.

पालिकेत बसून मोटरी काढायचं म्हटलं तर सगळ्यांचा विरोध. सणाच्या दिवशी गावाचं पाणी तोडायचं? एक ज्येष्ठ नगरसेवक कळवळून म्हणाले, “आज माहेरवाशिणी आल्यात घरोघरी. पाणी मोटरीला लागू तर दे, मग बघू.” त्यांचं खोटं नव्हतं. मुख्याधिकाऱ्यांना लेखी आदेश हवा होता, तेही रास्तच. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ५८(२) खाली आणीबाणीत अध्यक्षाला काम सुरू करायचा किंवा थांबवायचा आदेश देता येतो. तो तिथंच हातानं लिहिला. खाली सही एकट्या माझी. फौजेत आदेश निघाला की माणसं हलतात. इथं कागदावर सही झाली तरी पंधरा जणांच्या हातापाया पडावं लागतं, आणि ते पडलो.

आधी उंच टाक्या काठोकाठ भरून घेतल्या. रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली सांगितलं, पाणी साठवून ठेवा. दुपारी वीज बंद केली. चेनपुली, दोर, आठ पोरं. पावसात बोल्ट सुटेनात. शेवटची मोटर ट्रॉलीत चढली तेव्हा बॅटरीच्या उजेडात पायऱ्यांवर पाणी दिसत होतं. पॅनेलही सोडवून शाळेच्या वऱ्हांड्यात नेऊन ठेवलं.

त्या रात्री माझ्या दारात बायका रिकाम्या घागरी घेऊन आल्या. जे बोलल्या ते मी उभं राहून ऐकलं. त्यांना राग येणारच.

पाणी २००५ ची रेघ ओलांडून कितीतरी वर गेलं. आयर्विनला ५७ फुटांच्या पुढं. पुढचे दिवस माणसं काढण्यात गेले. लष्कर, एनडीआरएफ, नौदल सगळे जिल्ह्यात होते. पूर उतरल्यावर जॅकवेलमधला गाळ उपसला, मोटरीत ओल शिरली का ते दाखवणारं मेगर यंत्र लावून मोटरी तपासल्या. कोरड्या ठणठणीत. नव्या केबलीवर बसवल्या आणि टाकीत पाणी पडायला लागलं. पंपचालक तिथंच शिडीला धरून रडला. मलाही आवरलं नाही.

क्रेन-ट्रॉलीचं बिल सर्वसाधारण सभेपुढं कार्योत्तर मंजुरीला ठेवलं. सूचक म्हणून त्याच ज्येष्ठ नगरसेवकांनी हात वर केला. त्याच सभेत पॅनेल बोर्ड २०१९ च्या पाण्याच्या वर नेण्याचा ठराव झाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा मोटरी काढाव्या लागल्याच, पॅनेलला मात्र हात लावावा लागला नाही.