तात्यांच्या बोटांसाठी रेडिओ

माझे वडील, आमचे तात्या, ८१ वर्षांचे आहेत. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, सोबत धाकटा भाऊ आणि त्याची बायको. काचबिंदूनं एका डोळ्याची नजर गेली, दुसऱ्यानं माणूस उभा आहे एवढं कळतं, चेहरा ओळखू येत नाही. पण कान अजून फौजी आहेत. अंगणात कोण आलं ते चपलांच्या आवाजावरून सांगतात.

१९६४ साली ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. लडाखमध्ये असताना अख्ख्या सेक्शनला मिळून एकच ट्रान्झिस्टर होता. थंडीनं सेल लवकर बसतात म्हणून दिवसभर ते सेल कुणाच्या तरी कोटाच्या आतल्या खिशात ऊबेला ठेवायचे आणि संध्याकाळी 'जयमाला'च्या वेळेला काढून रेडिओत घालायचे. विविध भारतीचा फौजी भाइयांसाठीचा हा कार्यक्रम तिथे शॉर्टवेव्हवर, म्हणजे फार लांबून येणाऱ्या लघुलहरींवर, यायचा. कधी वाऱ्यासारखा दूर जायचा, कधी अगदी कानाशी. पेन्शनीत आल्यावर विविध भारती गावात सहज मिळायला लागली, तरी शॉर्टवेव्हची सवय राहिली. बीबीसीच्या हिंदी बातम्या तर त्यांनी चुकवल्याच नाहीत. १९४० साली सुरू झालेलं ते प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. त्या दिवशी मी साताऱ्याहून मुद्दाम गावी गेले होते. तात्या ओट्यावर शेवटपर्यंत ऐकत बसले आणि संपल्यावर रेडिओ बंद करून धोतराच्या सोग्यानं पुसून ठेवला.

गेल्या दिवाळीत तो जुना दोन बँडचा रेडिओ बसला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला आहे, आयटीआयमध्ये शिकवते. त्या रेडिओची काट्याची दोरी आजवर तीनदा मीच ओवली होती. पण या वेळी बँड बदलायच्या खटक्याची आतली पितळी पानं हिरवी पडून तुटली होती. तसा भाग कुठे मिळेना. म्हणून नवा रेडिओ बघायला घेतला. मनात अट अशी होती : स्वस्त, हातात मावणारा, काट्याचा आणि शॉर्टवेव्ह असलेला.

स्वस्त का, ते आधी सांगते. आज शॉर्टवेव्हवर पूर्वीचं निम्मंही उरलेलं नाही. आकाशवाणीची लघुलहरीची केंद्रं गेल्या काही वर्षांत एकेक करून बंद होत गेली, जर्मनीचं हिंदी रेडिओ प्रसारण २०११ लाच गेलं. जे उरलंय ते ऐकण्यासाठी दहा-बारा हजारांचा संच घ्यावा असं मला वाटत नाही. आणि काट्याचा का, तर आकडे दाखवणारा रेडिओ तात्यांच्या काय कामाचा? त्यांना पडदा दिसत नाही, एका बटणाच्या चार कामांचा हिशेब ठेवता येत नाही. चकती फिरवली की काय होतं ते मात्र त्यांच्या बोटांना साठ वर्षं ठाऊक आहे.

पहिली खरेदी घाईत झाली आणि चुकली. बाजाराच्या दिवशी ६५० रुपयांना एक रेडिओ घेतला. त्यात टॉर्च, ब्लूटूथ, मेमरी कार्ड, वर सोलरची पट्टी, आणि समोर ठळक अक्षरांत एसडब्ल्यू, म्हणजे शॉर्टवेव्ह. घरी येऊन लावला तर शॉर्टवेव्हच्या पट्टीवर जिथे जावं तिथे तेच एक एफएम स्टेशन घुसलेलं. आतली मोबाइलची बॅटरी दोन महिन्यांत फुगली. तात्या काही बोलले नाहीत, फक्त तो रेडिओ नातवाला गाणी वाजवायला देऊन टाकला. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं मला फार लागलं. मग नीट अभ्यास करून पुढचा निवडायचा ठरवला.

सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे शॉर्टवेव्ह किती तुकड्यांत विभागली आहे. जुन्या पद्धतीच्या दोन-तीन बँडच्या रेडिओत ७ ते २२ मेगाहर्ट्झ एवढा सगळा पट्टा एकाच काट्यावर असतो. काट्याची पट्टी १० सेंटिमीटर लांब धरली तर सरासरी हिशेबानं ३१ मीटरचा अख्खा बँड, म्हणजे ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झ, जेमतेम ३ मिलिमीटरमध्ये येतो (मीटर म्हणजे लहरीची लांबी; मीटर जितके जास्त तितके मेगाहर्ट्झ कमी). तेवढ्यात संध्याकाळी वीस-पंचवीस स्टेशनं दाटीवाटीनं बसलेली असतात. थरथरत्या हातानं त्यातलं एक पकडणं म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखं. दहा-बारा बँडच्या छोट्या रेडिओत मात्र प्रत्येक मीटर बँडला पूर्ण पट्टी मिळते. ४९, ४१, ३१, २५, १९ मीटर, प्रत्येकाचा वेगळा खटका. म्हातारी बोटं चकती फिरवतात तेव्हा स्टेशन हळूहळू सरकतं. माझ्या मते स्वस्त रेडिओत हा एकच गुण सगळ्यात जास्त मोलाचा आहे.

याचा दुसराही फायदा आहे, तो समजायला थोडं आत डोकवावं लागेल. साधा रेडिओ प्रत्येक स्टेशनचा सिग्नल आधी ४५५ किलोहर्ट्झ या एका ठरावीक कंपनावर उतरवून घेतो आणि मग पुढची गाळणी करतो. पण ज्या युक्तीनं तो हे करतो, त्याच युक्तीला तुम्ही लावलेल्या जागेपासून बरोबर ९१० किलोहर्ट्झनं (४५५ च्या दुपटीनं) वरचं स्टेशनसुद्धा फसवतं. म्हणून जोरदार स्टेशन आपल्या खऱ्या जागी तर येतंच, शिवाय ९१० किलोहर्ट्झ खालीही त्याचं भूत दिसतं. सलग पट्ट्याच्या रेडिओत ही भुतं जागोजागी भेटतात. तुकडे पाडलेल्या रेडिओत ती बहुतेक वेळा दोन बँडांच्या मधल्या, रेडिओत नसलेल्याच जागेत पडतात. तरी एखादं सापडतंच. ७.२५ मेगाहर्ट्झवरचं दणदणीत स्टेशन ४९ मीटरच्या वरच्या टोकाला ६.३४ च्या आसपास ऐकू आलं तर चक्रावून जाऊ नका. दोन टप्प्यांत सिग्नल उतरवणाऱ्या रेडिओत हा त्रास फार कमी होतो. टेकसनचा आर-९७००डीएक्स हा काट्याचा रेडिओ तसा आहे, पण महाग पडतो. सोनीचा आयसीएफ-एसडब्ल्यू११ हाही माझ्या मनात होता, पण तो बनवणं केव्हाच बंद झालंय आणि जुन्या वस्तूत खटक्याचं दुखणं निघालं तर मी पुन्हा तिथेच आले असते.

शेवटी दोन रेडिओंमध्ये निवड उरली, टेकसन आर-९०१२ आणि एक्सएचडेटा डी-२१९. दुसरा माझ्या एका विद्यार्थ्याकडे होता, तो आठवडाभर मागून आणला. बाहेरून काटा आणि चकती, पण आत सगळं काम डिजिटल चिप करते. हलका, स्वस्त, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, आवाज स्वच्छ. तरुण माणसाला, सहलीला न्यायला मी हाच घे म्हणेन. तात्यांनी मात्र तो दोन संध्याकाळी वाजवला आणि म्हणाले, "पोरी, ह्यो लगेच येतोय नि लगेच जातोय. येताना कळत न्हाई."

मला ते लगेच उमगलं नाही. मी शेजारी बसून डोळे मिटले आणि स्वतः चकती फिरवली तेव्हा कळलं. अशा चिपवर स्टेशन पायरीपायरीनं येतं आणि दोन स्टेशनांच्या मधे चिप स्वतःच आवाज दाबते. डोळस माणसाला ती सोय वाटते. पण खऱ्या काट्याच्या रेडिओत स्टेशन जवळ यायला लागलं की आधी खरखरीचा पोत बदलतो, मग अस्पष्ट गुणगुण, शेजारच्या स्टेशनाची शिट्टी, मग शब्द. ही चाहूल हेच तात्यांचं डोळ्यांनी बघणं. शॉर्टवेव्हवर सिग्नल चढतो-उतरतो, तो उतरला की चिप आवाज आणखी दाबते, आणि तात्यांना वाटायचं की आपलाच हात हलला. मग ते उगाच चकती फिरवायचे आणि हातातलं स्टेशन घालवून बसायचे.

आर-९०१२ घेतला. २,३५० रुपये पडले. एफएम, मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हचे १० तुकडे, आत सगळं जुन्या वळणाचं, दोन पेन्सिल सेल. बँड बदलायची कळ सरकती आहे आणि प्रत्येक जागी बोटाला खटका लागतो. तात्यांनी पहिल्याच दिवशी एका टोकापासून खटके मोजून पाठ केले. रायफलीचं काम अंधारात करायला शिकलेला माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही.

तुम्ही असा रेडिओ घेणार असाल तर दुकानात लावून बघू नका, सिमेंटच्या इमारतीत शॉर्टवेव्ह मरते. परत करायची मुदत ठरवून घ्या आणि सूर्य मावळल्यावर गच्चीवर न्या. दिवसा वातावरणाचा खालचा थर कमी मेगाहर्ट्झचे सिग्नल शोषून घेतो, रात्री तो थर विरतो आणि ४९, ४१, ३१ मीटर जागे होतात. दुपारी ऐकायचं असेल तर १९ आणि १६ मीटर. एखादं स्टेशन डावीकडून येऊन पकडा, मग उजवीकडून येऊन पकडा. काटा दोन्ही वेळेला एकाच जागी थांबला तर यंत्रणा चांगली. मग रेडिओ खाली ठेवून हात काढा. हात काढताच स्टेशन सरकत असेल तर तो रेडिओ नको. मीडियमवर पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ लावा आणि रेडिओ भोवरा फिरवावा तसा हळूहळू फिरवा. एका दिशेला आवाज बारीक व्हायला हवा. मीडियमची एरिअल म्हणजे आतली काळी फेराइटची कांडी, बाहेरची दांडी फक्त एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी. मीडियम नीट येईना म्हणून दांडी ओढून ओढून मोडलेले रेडिओ माझ्याकडे दुरुस्तीला येतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

एवढं करून रेडिओ गावी नेला आणि पहिल्या रात्री नुसती घरघर. माझं काळीजच बसलं. साताऱ्यात माझ्या गच्चीवर जो रेडिओ बोलत होता तो इथे मुका कसा? साडेआठला वीज गेली आणि एका क्षणात ३१ मीटरवर पाच-सहा स्टेशनं उभी राहिली. दोष घरातला होता. स्वयंपाकघरातला स्वस्तातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर आणि भावाचा इन्व्हर्टर, तिघं मिळून शॉर्टवेव्ह गिळत होते. वीज आल्यावर मी रेडिओ हातात धरून घरभर फिरले, एकेक बटण बंद करत. दिवा बदलला, चार्जर रात्री काढून ठेवायचं ठरलं, आणि तात्यांची बाजच ओट्याच्या टोकाला, इन्व्हर्टरपासून लांब नेली. नवा महाग रेडिओ घ्यायच्या आधी कुणीही हे करून बघावं. फुकट आहे आणि फरक जमीन-अस्मानाचा.

ओट्यापासून अंगणातल्या जांभळापर्यंत पाच मीटर प्लास्टिकची वेष्टनवाली वायर टाकली. तिचं टोक सोलून दांडीला बांधलं नाही, वेष्टनासकट दांडीभोवती पाच-सहा वेढे दिले. स्वस्त रेडिओला थेट लांब वायर जोडली की जोरदार स्टेशनं त्याच्या डोक्यावर बसतात आणि सगळा कालवा होतो. वेढ्यांमधून हवा तेवढाच सिग्नल आत जातो. वळवाचं आभाळ भरलं की वायर काढून अंगणात टाकायची, हे भावाच्या बायकोला बजावून ठेवलंय.

आता रोज संध्याकाळी ते लावतात. चीनचं हिंदी प्रसारण, बीबीसीचं इंग्रजी (त्यातलं अर्धं कळतं, पण आवाज ओळखीचा वाटतो म्हणतात), आणि भाषा न कळणारी कितीतरी. नेपाळी आणि तिबेटी ते चालीवरून ओळखतात. सेल तीन महिन्यांपूर्वी घातलेत, अजून चालू आहेत.

मार्चच्या शेवटी रात्री नऊला त्यांचा फोन आला. आवाजात काळजी. "आगं, माझं टेसन गेलं. कालपातुर हितंच हुतं." मला आठवलं, शॉर्टवेव्हची वेळापत्रकं वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. मी म्हटलं, "तात्या, एक खटका खाली जाऊन शोधा." फोन तसाच चालू ठेवून ते शोधत राहिले. कळ सरकल्याचा आवाज, खरखर, एक शिट्टी, परत खरखर, आणि मग लांबून बाईचा आवाज हिंदीत.

"गावली," तात्या म्हणाले, आणि फोन ठेवायचं विसरून ऐकत बसले. मीही कट केला नाही.