शिजलेली कोळंबी परत शिजवू नका हो

फ्रोझन कोळंबीचं पाकीट पहिल्यांदा आणलं तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरात 'कुक्ड' लिहिलेलं होतं, मी ते वाचलंही होतं, आणि तरीही पातेलंभर पाणी उकळवून त्यात ती चांगली दहा मिनिटं रटरटवली. सवय, दुसरं काय. मासळी नीट शिजली पाहिजे हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की हात आपोआप गॅसकडे जातो. ताटात जे आलं ते खोडरबर होतं. नवरा काही बोलला नाही, नुसता चावत राहिला, बराच वेळ.

तर तेव्हापासून माझा एकच नियम आहे, पदार्थ कुठलाही असो, ही कोळंबी सगळ्यात शेवटी जाते आणि गॅसवर दोन मिनिटांच्या वर राहत नाही. तिला शिजवायचं नसतं, फक्त गरम करायचं असतं. कोळंबीचं मांस उष्णतेने आकसतं आणि आतलं पाणी बाहेर पिळलं जातं, कारखान्यात ते एकदा होऊन गेलेलं असतं, आपण परत उकळली की उरलंसुरलं पाणीही जातं. आकाराकडे बघत जा. इंग्रजी सी सारखी अर्धगोल आहे तोवर ठीक, शेपूट डोक्याकडे जाऊन घट्ट गोल वेटोळं झालं की समजायचं, गेली.

रंगाचंही सांगते, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. कच्ची कोळंबी साधारण राखाडी दिसते. तिच्यात अस्टाझॅन्थिन नावाचं केशरी-लाल रंगद्रव्य असतं पण ते एका प्रोटीनला बांधलेलं असतं, उष्णता लागली की ते प्रोटीन सुटतं आणि गुलाबी रंग दिसायला लागतो. म्हणून पाकिटातली गुलाबी असेल तर बहुतेक शिजलेलीच. बहुतेक म्हणतेय कारण काही जाती कच्च्या असतानाच लालसर असतात, तेव्हा लेबल वाचा. आणि वाचून माझ्यासारखं विसरू नका.

आता डीफ्रॉस्ट करणं. माझ्या मते निम्मी चव इथेच ठरते आणि सगळे इथेच घाई करतात. रात्री हवी तेवढी कोळंबी डब्यात काढून फ्रिजमध्ये खाली ठेवली की सकाळी तयार, यासारखं सोपं काही नाही. विसरलात (मी आठवड्यातून तीनदा विसरते) तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवा, पंधरा-वीस मिनिटांत सुटी होते. गरम पाणी नको, त्यात कडा परत शिजतात आणि मध्ये बर्फ तसाच राहतो. ओट्यावर उघडी ठेवून तासन्‌तास विसरणंही नको, जंतूंना आयतं आमंत्रण ते. त्यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, ती म्हणजे चाळणीत निथळून टिश्यूने किंवा स्वच्छ फडक्याने टिपून एकदम कोरडी करणं. या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर दिलेला असतो, ते सगळं पाणी पॅनमध्ये उतरलं की लसूण परतायच्या ऐवजी उकडायला लागतो. पाकीट घेताना निव्वळ वजन बर्फ सोडून लिहिलंय का तेही बघा, नाहीतर पाण्याचे पैसे देऊन येता.

हेल्दी आहे का, तर हो, चांगलीच. 100 ग्रॅम शिजलेल्या कोळंबीत साधारण 24 ग्रॅम प्रोटीन, कॅलरी फक्त 100 च्या आसपास आणि फॅट अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. कोलेस्टेरॉल मात्र 190 मिलिग्रॅमच्या जवळपास आहे, त्याची भीती पुष्कळांना वाटते, पण सॅच्युरेटेड फॅट जवळजवळ नसल्यामुळे बहुतेकांना अधूनमधून खायला हरकत नसते. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नाही. मला खरी भानगड वाटते ती मिठाची. पाकिटबंद कोळंबीला बऱ्याचदा मीठ आणि फॉस्फेट लावलेलं असतं, त्यामुळे सोडियम एका कंपनीत थोडं तर दुसरीत कितीतरी पट. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, तेव्हा मागचा तक्ता बघून घ्या आणि पदार्थात मीठ चव बघितल्याशिवाय घालूच नका.

आमच्याकडे सगळ्यात जास्त होतो तो लिंबू-लसणाचा पास्ता. पास्ता उकळतोय तोवर पॅनमध्ये दोन चमचे ऑलिव्ह ऑइल, पाच-सहा लसूण पाकळ्या बारीक चिरून, मंद आचेवर, करपू द्यायच्या नाहीत, चिली फ्लेक्स, मूठभर चेरी टोमॅटो फुटेपर्यंत आणि दोन मुठी पालक. पास्ता काढायच्या आधी त्याचं वाटीभर पाणी बाजूला ठेवा, त्यातल्या स्टार्चमुळे सॉस दाटसर होतो आणि क्रीमची गरजच पडत नाही. पास्ता आणि ते पाणी घालून हलवलं की मग कोळंबी, एक मिनिट, गॅस बंद, वरून लिंबाचा रस आणि किसलेली साल. साल गाळू नका, सगळा वास तिच्यात असतो. पालक जास्त आणि पास्ता कमी ठेवला की जेवल्यावर जडही वाटत नाही.

उन्हाळ्यात तर गॅसही लागत नाही. काकडी, मक्याचे दाणे, कांद्याची पात, आधी उकडून ठेवलेले छोले असतील तर ते, आणि थंडच कोळंबी. ड्रेसिंगला घट्ट दही, मोहरीची पेस्ट, मिरपूड, लिंबू. मेयोनीजपेक्षा दही मला केव्हाही बरं वाटतं, कोळंबीची स्वतःची हलकी गोड चव तरी लागते. हेच मिश्रण पोळीत गुंडाळलं की रोल, टोस्टवर ठेवलं की नाश्ता, परत वेगळी रेसिपी काय सांगायची त्याची.

फ्राइड राइसला आदल्या दिवशीचा भात घ्या, अंडं आणि भाज्या मोठ्या आचेवर परता, कोळंबी शेवटच्या मिनिटाला. सोया सॉस आणि कोळंबी दोघांतही मीठ असतं, त्यामुळे वेगळं मीठ शून्य. सूपचं तर अजून सोपं, वाडग्यात कोळंबी आधीच ठेवायची आणि वरून उकळतं आल्याचं सूप ओतायचं, खायला बसेपर्यंत बरोबर गरम झालेली असते.

पाहुण्यांना वाढणार असाल तर ॲलर्जी नक्की विचारा. ज्या प्रोटीनमुळे बहुतेकांना त्रास होतो ते शिजवूनही नष्ट होत नाही, त्यामुळे 'शिजलेली आहे, काही होत नाही' असं म्हणून आग्रह करू नका.

आणि अख्खं पाकीट एकदम डीफ्रॉस्ट करायचं नाही, मूठमूठ काढायची, बाकीची पिशवी हवा काढून लगेच परत फ्रीझरला. डीफ्रॉस्ट झालेली फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांत संपवायची, पाण्यात सोडवलेली परत गोठवायची नाही. मी काल अंदाज चुकून जास्तच काढली, त्यातल्या सतरा-अठरा उरल्यात, त्या आज संध्याकाळी ऑम्लेटमध्ये, घडी घालायच्या जरा आधी.