अर्ध्या गुणाचा विजय आणि आमचा गुणतक्ता

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही काही जण मुलांना गो शिकवतो. गो म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ; पटावर जो जास्त जागा, म्हणजे घरं, घेरेल तो जिंकतो. यंदा सांघिक स्पर्धा घ्यायचं ठरलं आणि गुणपद्धत लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. तिघांचा संघ, 13 बाय 13 चे पट, एवढं पक्कं होतं. बाकी सगळ्यावर वाद.

मुलांना नोंगशिम चषकाची पद्धत हवी होती. 1999 पासून त्यात चीन, कोरिया, जपान पाच-पाच खेळाडू उतरवतात. जिंकणारा पटावर राहतो, हरणारा बाद. ज्या देशाचा गडी शेवटी उरेल त्याचा चषक. गेल्या काही वर्षांतली गोष्ट पोरांच्या तोंडपाठ आहे: कोरियाचे पहिले चौघे एकही डाव न जिंकता गेले, चीनच्या श्ये अरहाओने सलग सात डाव मारले. उरला एकटा शिन जिन-सो. त्याने आधी श्येला थोपवलं, मग फेब्रुवारी 2024 मध्ये शांघायला जपानचा इयामा युता आणि पाठोपाठ चीनचे उरलेले चारही जण. सलग सहा! तालमींच्या गावात हे न आवडून कसं चालेल? मलाही अंगावर काटा येतो. पण आमच्याकडे ही पद्धत लावली तर एक तगडा गडी असलेला संघ सगळं नेणार आणि नवखी पोरं एक डाव हरून दिवसभर बसून राहणार. मी ठाम नाही म्हटलं. 2023 च्या आशियाई स्पर्धेत गोची सांघिक लढत सगळ्या पटांवर एकदमच झाली होती, तेच आम्ही घेतलं: तीनपैकी दोन पट जिंकले की लढत जिंकली. पटांची संख्या विषम, म्हणून बरोबरीचा प्रश्नच नाही.

खरी कसोटी पुढे होती. एका मुलाचे वडील म्हणाले, “सर, फुटबॉलला गोलफरक धरतात की. आमचा पोरगा तीस घरांनी जिंकला आणि दुसरा कुणी अर्ध्यानं, दोघं सारखेच व्हय?”

मी पट मांडला. काळा दहा घरांनी पुढे, डावाचा शेवट जवळ. कोपऱ्यात पांढऱ्याला घुसायला फट शिल्लक होती. काळ्याने एक सोंगटी ठेवून ती बंद केली, बदल्यात दुसरीकडची तीन घरं सोडली. “हा चुकला का?” मी विचारलं. वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “नाही. यानं डाव बांधून घेतला.” फरकाला गुण दिले, तर हीच शहाणी खेळी तोट्याची ठरते आणि मुलं हावरी होतात. शिवाय समोरच्याने मध्येच डाव सोडला तर फरक किती लिहायचा? म्हणून व्यावसायिक गोमध्ये अर्ध्या गुणाचा विजयही पूर्ण विजय. काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला जे जादा गुण मिळतात ती कोमी; तिच्यात, कोरियात 6.5 आणि चीनमध्ये 7.5, तो अर्धा ठेवतात तो डाव बरोबरीत सुटू नये म्हणूनच.

तक्ता शेवटी असा झाला: आधी लढतींचे गुण, ते समान असतील तर एकूण जिंकलेले पट, तेही समान असतील तर प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, म्हणजे कुणाला अवघड संघ वाट्याला आले ते कळतं.

एक पळवाट उरली होती. सगळ्यात कच्चा गडी मुद्दाम पहिल्या पटावर बसवायचा आणि समोरच्या सगळ्यात तगड्याला त्याच्याविरुद्ध जिंकू द्यायचं. तो पट गेला तरी बाकीचे दोन सोपे होतात. निदान समोरचा संघ बघून ती वापरता येऊ नये, एवढं आम्ही केलं: कोण कितव्या पटावर तो क्रम सोडत काढण्याआधी पाकिटात घालून द्यायचा, नंतर शेवटच्या फेरीपर्यंत तोच.