दुसऱ्याच्या ओंजळीने

सर्च मार्केटिंगचं, म्हणजे गूगलसारख्या सर्चमध्ये आपली साइट वर आणू पाहणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत मी काही वर्षं काढली, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "गूगलने उद्या नियम बदलला की तुमचं दुकान बंद. मग अशा कंपन्या वाढतात तरी कशा?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याचा हा धंदा आहे, हे खरंच. कोणत्या शब्दाला तुमची साइट कितवी येते, तो शब्द महिन्याला किती लोक शोधतात, तुमच्याकडे कोणाकोणाच्या लिंक आहेत, हे आम्ही मोजायचो; जे मोजायचो त्यातलं आमचं काहीच नव्हतं. पण गंमत अशी, की गूगलने ओंजळ आखडली की या कंपन्यांकडे गर्दी होते. ऑक्टोबर २०११ मध्ये गूगलवर लॉग-इन केलेल्यांचं सर्च एन्क्रिप्ट, म्हणजे गुप्त, होऊ लागलं आणि लोक कोणता शब्द टाकून आले ते साइटवाल्यांना दिसेनासं झालं. साइटवर कोण कुठून येतं ते दाखवणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये त्या जागी 'नॉट प्रोव्हायडेड' अशी ओळ आली, आणि २०१३ नंतर तिने जवळजवळ सगळा रकाना खाल्ला. २०१६ साली जाहिरातीवर कमी खर्च करणाऱ्यांना कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणाऱ्या गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये नेमक्या आकड्याऐवजी '१०० ते १,०००' असा ढोबळ पल्ला दिसू लागला. फुकट दिसणारं दिसेनासं झालं की माणूस अंदाज विकत घ्यायला तयार होतो. आम्ही अंदाजच विकत होतो. नीट केलेला, पण अंदाज. सेल्सवाल्यांना हा शब्द अजिबात चालत नसे.

गिऱ्हाईक यायची वाटही ठरलेली. याच धंद्यातल्या सिएटलच्या मॉझ कंपनीत तिचे सहसंस्थापक रँड फिशकिन २००४ पासून सर्चबद्दल जे शिकत ते मोकळेपणाने लिहीत गेले. २००७ मध्ये टूलं सबस्क्रिप्शनवर आली तेव्हा वाचकच गिऱ्हाईक झाले. बाकीच्यांनी थोड्याफार फरकाने हेच केलं: आधी शिकवा, मग विका. यात फार काही गूढ नाही.

खरी गोष्ट गिऱ्हाईक आल्यानंतर सुरू होते. आमच्याकडे सबस्क्रिप्शन बंद करताना कारण लिहायची एक चौकट होती. रोज सकाळी ती कारणं वाचायचं काम माझ्याकडे. 'परवडत नाही' हे असायचंच. पण मला अस्वस्थ करायचं ते दुसरंच: 'काम झालं. टूल मस्त आहे. धन्यवाद.' माणूस येतो, टूलकडून साइटचं पान न् पान तपासून घेतो (याला क्रॉल म्हणतात), ४०४ देणारी, म्हणजे न उघडणारी पानं आणि एकसारखी टायटल यांची यादी एक्सेलमध्ये उतरवतो, डेव्हलपरला पाठवतो आणि महिना भरायच्या आत कॅन्सल. रागावून जाणाऱ्याची समजूत काढता येते. खूश होऊन जाणाऱ्याला काय सांगायचं?

आता हिशेब बघा. दरमहा ५ टक्के गळती, म्हणजे शंभरातले पाच जण सोडून जाणं, ऐकायला किरकोळ वाटते. पण आजच्या १,००० गिऱ्हाइकांतले वर्षभराने साधारण ५४० उरतात. आणि महिन्याला ५०० नवे येत असतील, तर १०,००० पाशी गाडी अडते, कारण तिथे महिन्याला ५००च जातात. जाहिराती त्याच, माणसं तीच, मेहनत तीच, आणि आलेख सपाट. मग मीटिंगमध्ये खापर मार्केटिंगवर फुटतं. तीच गळती अडीच टक्क्यांवर आणा, मर्यादा २०,००० वर जाते. नव्या गिऱ्हाइकांत एकाचीही भर न घालता. हे गणित पाचवीतल्या मुलाला जमेल. आम्हाला ते फळ्यावर मांडायला दोन वर्षं लागली.

टिकतात कोण, तर दुसऱ्यांच्या साइटचं मार्केटिंग सांभाळणारे एजन्सीवाले. त्यांना टूलचं कौतुक नसतं. दर महिन्याच्या १ तारखेला आपल्या क्लायंटना रिपोर्ट पाठवायचा असतो, त्यावर स्वतःचा लोगो हवा असतो, आणि तो रिपोर्ट आमच्याकडून आपोआप निघतो. बस. आमचे डेव्हलपर नवनव्या फीचरमागे धावत होते, आणि पगार निघत होते त्या कंटाळवाण्या पीडीएफवर.

पण वाढ म्हणजे नेमकी कशाची, हेही बघायला हवं. याच धंद्यातली सेमरश ही कंपनी मार्च २०२१ मध्ये शेअरला १४ डॉलर दराने न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. त्या वर्षीचं उत्पन्न सुमारे १८.८ कोटी डॉलर, २०२४ चं सुमारे ३७.७ कोटी. म्हणजे तीन वर्षांत दुप्पट. नोव्हेंबर २०२५ मध्ये अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने ती विकत घ्यायचं जाहीर केलं ते शेअरला १२ डॉलर दराने, आणि हा दरसुद्धा तेव्हाच्या बाजारभावाहून बराच चढा होता. गिऱ्हाईक पैसे देतच होतं. उद्या लोक सर्च करतील की एआयलाच विचारतील, ही शंका बाजाराला होती. आता या कंपन्या एआयच्या उत्तरात तुमचं नाव येतं का, तेही मोजून देतात. ओंजळ बदलली, एवढंच.

'काम झालं' लिहून गेलेल्यांपैकी एक बाई मला चांगल्या आठवतात. १४ महिन्यांनी त्यांचा मेसेज आला: नवी साइट केली, ट्रॅफिक निम्म्यावर आलं, आधी कुठल्या शब्दाला आम्ही कितवे होतो ते मिळेल का? मी त्यांचं जुनं खातं उघडून दिलं. त्या गेल्या त्या दिवसापर्यंत रेघ व्यवस्थित होती, पुढचे १४ महिने कोरे. साइट कधी घसरली ते कळायला काही मार्गच नव्हता. त्यांनी त्याच दिवशी वर्षाचे पैसे भरले. रिन्यूअल आलं की आता एकच विचारतात, "मधे एकही दिवस खंड पडणार नाही ना?"