वायर ठीक, नेट नाही

जुलैतली दुपार. फोंड्याजवळ म्हार्दोळला एका आर्किटेक्टचं घर, बाल्कांवाला (दारापुढच्या बसायच्या ओसरीला) लागून ऑफिसची खोली, टेबलाखाली वर्कस्टेशन. त्यावर विंडोज सर्व्हर २०१९ टाकायचा होता तो डीडुप्लिकेशनसाठी, म्हणजे फाइलींमधला सारखा भाग एकदाच साठवून जागा वाचवण्यासाठी. एकाच बंगल्याची ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशी ड्रॉइंगं डी ड्राइव्हवर साचली होती, आणि साध्या विंडोजमध्ये ही सोय मिळत नाही.

इन्स्टॉल करताना ‘डेस्कटॉप एक्सपिरियन्स’ लिहिलेली ओळच निवडावी लागते. नुसता ‘स्टँडर्ड’ निवडला तर काळी कमांडची खिडकी नशिबी येते आणि नंतर डेस्कटॉपवर जाता येत नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

इन्स्टॉल झालं, पण नेट येईना. त्याच वायरीवर लॅपटॉप मात्र मजेत चालत होता.

“दमटपणाने पोर्ट गंजला असणार,” आर्किटेक्ट म्हणाले. गोव्यात हा संशय सहसा वाया जात नाही, पण पोर्ट चकचकीत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’वर पिवळं चिन्ह होतं. हार्डवेअर आयडी पाहिला: व्हेंडर ८०८६ (इंटेल), डिव्हाइस १५बी८. म्हणजे आय२१९-व्ही, घरगुती मदरबोर्डवर येणारी नेटवर्कची चिप. तिच्या ड्रायव्हरची आयएनएफ फाइल, म्हणजे तो कुठल्या विंडोजवर बसवायचा ते सांगणारी यादी, सर्व्हर दिसला की तिला वगळते. ड्रायव्हर चालण्यासारखा असतो, फक्त यादीत नाव नसतं.

ते नाव घातलं. नोटपॅडमध्ये ‘कंट्रोलफ्लॅग्ज’खालच्या वगळण्याच्या ओळी काढल्या, १५बी८च्या ओळी क्लायंटच्या (साध्या विंडोजच्या) विभागातून सर्व्हरच्या विभागात चिकटवल्या. फाइलला हात लागला की तिची डिजिटल सही मोडते. म्हणून शिफ्ट धरून रीस्टार्ट, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ७ दाबून त्या एका बूटपुरती सहीची तपासणी बंद, मग ‘हॅव डिस्क’ने ड्रायव्हर. बॅगेत आय२१० चिपचं पीसीआय एक्सप्रेस नेटवर्क कार्ड असतं तर या भानगडीत पडलोच नसतो. ते सर्व्हरवर सरळ चालतं.

बाकीचं किरकोळ. वाय-फायसाठी ‘वायरलेस लॅन सर्व्हिस’ हे फीचर घालून रीस्टार्ट. आवाजासाठी ‘विंडोज ऑडिओ’ सेवा ऑटोमॅटिकवर. प्रोसेसर शेड्युलिंग ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’वरून ‘प्रोग्रॅम्स’वर.

चारच्या सुमारास लाईट गेली. यूपीएसची बॅटरी संपलेली, मशीन धाडकन बंद. परत सुरू केल्यावर पडद्यावर प्रश्न: अनपेक्षितपणे बंद का झालं? आर्किटेक्ट घाबरले. हा सर्व्हरचा ‘शटडाउन इव्हेंट ट्रॅकर’, ग्रुप पॉलिसीतून बंद होतो. त्यांनी तो ठेवायला सांगितला आणि कारणाच्या रकान्यात ‘पाऊस’ असं लिहिलं. यूपीएसची बॅटरी मात्र त्याच संध्याकाळी बदलायला लावली.

मग डीडुप्लिकेशन. आधी डीडीपीईव्हॅल या विंडोजच्याच साधनाने किती जागा वाचेल याचा अंदाज घेतला, मग फक्त डी ड्राइव्हवर चालू केलं. सी ड्राइव्हवर ते लागतच नाही. मूळ सेटिंगमध्ये तीन दिवसांहून नव्या फाइलींना ते हात लावत नाही, म्हणून आज चालू करून आजच जागा मोकळी दिसत नाही. टाकलेली प्रत इव्हॅल्युएशनची, म्हणजे वापरून पाहण्यापुरती, १८० दिवसांची. मुदत संपली की मशीन दर तासाला आपोआप बंद होऊ लागतं. ती तारीख मास्किंग टेपवर लिहून कॅबिनेटला चिकटवली.

बॅकअपच्या एक्स्टर्नल डिस्कवर डीडुप्लिकेशन लावलं नाही. ती डिस्क उद्या लॅपटॉपला जोडली तर साधं विंडोज तिच्यावरच्या डीडुप्लिकेशन झालेल्या फाइली उघडणार नाही.